वाचनालयाचा देवघेव काउंटर: वेब-ॲपला डेस्कटॉप ॲपसारखं वागायला लावतानाच्या नोंदी

१६ जून २०२५

तालुक्याच्या गावातलं ‘ब’ वर्गाचं सार्वजनिक वाचनालय. काउंटरवर एकच संगणक: विंडोज १०, ४ जीबी रॅम, यूएसबीचा बारकोड स्कॅनर. जुना देवघेवीचा प्रोग्रॅम या मशीनवर चालत नाही, म्हणून ब्राउझरमध्ये चालणारं ॲप लिहून दिलं. सभासद, दाखल क्रमांक (पुस्तकाचा नोंदणी क्रमांक), पुस्तक देणं-घेणं, दंड, बस. कोहा किंवा एनआयसीचं ई-ग्रंथालय या तयार ग्रंथालय-प्रणालींचा आवाका फार मोठा आहे. इथे गरज फक्त काउंटरची होती.

ॲप चालतं, तरीही काउंटरवर ते रुळत नाही. ग्रंथपाल मॅडम आणि काउंटरवर बसणारे काका दोघांनाही ते इतर टॅबच्या गर्दीत सापडत नाही. दुसरं काही बघून झालं की काका अख्खा क्रोम बंद करतात आणि देवघेवही त्यासोबत जाते. जुन्या प्रोग्रॅमचं चिन्ह टास्कबारवर होतं, एन्टर दाबलं की कर्सर पुढच्या रकान्यात जायचा, कंट्रोल-एन दाबलं की नवी नोंद उघडायची. त्यांना तेच परत हवंय आणि ते मागणं रास्त आहे.

वेब-ॲपचं डेस्कटॉप ॲप बनवणाऱ्या इलेक्ट्रॉनचा विचार करून सोडला. प्रत्येक ॲपसोबत पूर्ण क्रोमियम ब्राउझर येतो आणि या मशीनला तेवढं ओझं झेपणार नाही. त्याच कामाचं टाउरी विंडोजवर वेबव्ह्यू-२ हा एजचा ब्राउझर-घटक वापरतं, त्यामुळे हलकं आहे. पण दोन्हींत इन्स्टॉलर द्यावा लागतो, त्याला डिजिटल सही नसेल तर विंडोज स्मार्टस्क्रीनचा इशारा दाखवतं, आणि सहीचं प्रमाणपत्र दर वर्षी विकत घ्यायला वाचनालयाकडे पैसे नाहीत. ब्राउझरमधूनच इन्स्टॉल होणारं वेब-ॲप हाच मार्ग उरतो. खर्च डोमेनचा, साधारण हजार रुपये वर्षाला. होस्टिंग फुकटच्या योजनेत बसतं, कारण सर्व्हरवर फक्त फाइल्स आहेत, माहिती संगणकातच राहते.

१८ जून

मॅनिफेस्ट, म्हणजे ब्राउझरला ॲपची ओळख सांगणारी फाइल, लिहिली. नाव, छोटं नाव, ‘डिस्प्ले: स्टँडअलोन’, १९२ आणि ५१२ पिक्सेलची चिन्हं, सुरुवातीचा पत्ता. एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणी) आधीपासून होतं. क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीत इन्स्टॉलचं बटण लगेच आलं.

घोळ झाला तो त्यानंतर. सुरुवातीचा पत्ता मुख्य पानावरून देवघेवीच्या पानावर बदलला आणि पुन्हा इन्स्टॉल केलं, तर डेस्कटॉपवर दोन चिन्हं. मॅनिफेस्टमध्ये ‘आयडी’ दिला नसेल तर क्रोम सुरुवातीच्या पत्त्यालाच ॲपची ओळख मानतो. पत्ता बदलला की त्याच्या लेखी ते नवं ॲप. ‘आयडी’ हा रकाना क्रोम ९६ पासून आहे, तो पहिल्याच दिवशी भरावा. आधीच इन्स्टॉल झालेलं ॲप टिकवायचं असेल तर ‘आयडी’मध्ये जुना सुरुवातीचा पत्ता द्यावा. मी तसंच केलं आणि मग सुरुवातीचा पत्ता हवा तसा बदलता आला.

चिन्हांबद्दल एवढंच: एकाच चिन्हाला ‘एनी’ (जसंच्या तसं दाखवायचं) आणि ‘मास्केबल’ (हव्या त्या आकारात कापता येणारं) दोन्ही हेतू लावू नयेत. मास्केबल चिन्हात मधल्या ८० टक्के वर्तुळाबाहेर महत्त्वाचं काही ठेवायचं नसतं, कारण कडा कापल्या जाऊ शकतात. तेच चिन्ह विंडोजच्या टास्कबारवर गेलं की चहूबाजूंनी मोकळी जागा घेऊन केविलवाणं दिसतं. दोन वेगळ्या फाइल्स केल्या. विंडोजसाठीच्या चिन्हात पुस्तक जवळजवळ कडेपर्यंत भिडवलं.

२१ जून

ॲप आता स्वतःच्या विंडोत उघडतं, पण आत बोट लावलं की वेबपान उघडं पडतं.

सगळ्यात आधी खटकलं ते निळं सिलेक्शन. काकांचा माउस थोडा घसरला की बटणांची नावं, मथळे, रकान्यांची शीर्षकं सगळं निळं. मजकूर निवडणं बंद करणारं ‘यूजर-सिलेक्ट: नन’ संपूर्ण पानाला लावलं आणि संध्याकाळी मॅडमचा फोन आला: सभासदाचा मोबाइल नंबर कॉपी होत नाही. बरोबरच आहे. विंडोजच्या प्रोग्रॅममध्येही बटणावरचा मजकूर निवडता येत नाही, पण माहिती निवडता येते. म्हणून नियम उलटा केला. टूलबार, बटणं, टॅब, रकान्यांची शीर्षकं यांनाच बंदी. पुस्तकाचं नाव, लेखक, पत्ता, फोन हे मोकळं.

बटणांवरचा हाताच्या पंजाचा कर्सर काढून साधा बाण ठेवला. दुव्यांवर पंजा तसाच राहू दिला. चिन्हं ओढली की त्यांची फिकट सावली माउसबरोबर फिरते, ती त्या चित्रांना ‘ड्रॅगेबल’ नाकारून थांबवली.

टायटल बारमध्ये ॲपचं नाव दोनदा यायचं, एकदा ॲपचं म्हणून आणि एकदा पानाच्या शीर्षकात. पानाचं शीर्षक ॲपच्या नावाने सुरू होत नसेल तर क्रोम ते नाव स्वतः पुढे जोडतो. माझ्या शीर्षकात नाव शेवटी होतं. आता शीर्षकात फक्त ‘देणे’, ‘घेणे’, ‘सभासद’ एवढंच लिहिते. बाकीचं क्रोम जोडतो.

२५ जून: कीबोर्ड

इथे सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि इंग्रजीतल्या मार्गदर्शक लेखांत याबद्दल काहीच सापडलं नाही.

चांगली बातमी आधी. ब्राउझरच्या टॅबमध्ये कंट्रोल-एन, कंट्रोल-टी, कंट्रोल-डब्ल्यू ब्राउझरने स्वतःकडे राखून ठेवलेले असतात आणि पानाला ते अडवता येत नाहीत. इन्स्टॉल झालेल्या ॲपच्या विंडोत मात्र ते पानापर्यंत पोचतात. कंट्रोल-एनला नवी देवघेव जोडली, कंट्रोल-एफला दाखल क्रमांकाचा शोध, कंट्रोल-एसला नोंद जतन. माझ्या लॅपटॉपवर सगळं चाललं.

वाचनालयात चाललं नाही. तेही कधी चालायचं, कधी नाही. अख्खी दुपार यात गेली. शेवटी ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (चुका शोधायच्या खिडकीत) प्रत्येक कळीचा तपशील छापून पाहिला तेव्हा उलगडलं. मॅडम इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर टाइप करतात. इन्स्क्रिप्टमध्ये एनच्या जागी ल आहे. मराठी चालू असताना कंट्रोल-एन दाबलं की इव्हेंटच्या (कळ दाबल्याच्या सूचनेच्या) ‘की’मध्ये ‘ल’ येतो, आणि माझा कोड ‘एन’ शोधत बसतो. इंग्रजी चालू असेल तर काम होतं, मराठी असेल तर नाही. पुस्तकांची नावं मराठीत टाइप करणाऱ्या माणसाचा कीबोर्ड दिवसभर मराठीतच असतो. म्हणजे खऱ्या वापरात शॉर्टकट जवळजवळ कधीच चालले नसते.

विंडोजचे मूळ प्रोग्रॅम या फंदात पडत नाहीत, कारण ते उमटणारं अक्षर न बघता कळीचा क्रमांक बघतात. वेबमध्ये त्याला समांतर आहे ‘कोड’. तिथे एनच्या कळीसाठी नेहमी ‘की-एन’ हेच मूल्य येतं, कीबोर्डची भाषा कोणतीही असो. सगळे शॉर्टकट ‘की’वरून ‘कोड’वर नेले आणि प्रश्न मिटला. मराठी, हिंदी, रशियन, कोणत्याही बिगर-रोमन लिपीसाठी ॲप करत असाल तर हे पहिल्या दिवशी करा. तयार शॉर्टकट लायब्ररी घेणार असाल तर ती यांपैकी काय वाचते ते आधी तपासा. मी घेतलेली ‘की’ वाचत होती, ती काढून हाताने लिहिलं.

२७ जून: एन्टर आणि स्कॅनर

एन्टरने पुढच्या रकान्यात जायचं हे जुन्या प्रोग्रॅमचं वळण. वेब-फॉर्ममध्ये एन्टर म्हणजे थेट जतन, आणि त्यामुळे अर्धवट नोंदी साठल्या होत्या. एन्टर अडवून पुढच्या रकान्यावर फोकस (म्हणजे कर्सर), शेवटच्या रकान्यात जतन, असं केलं.

काकांनी वापरून पाहिलं तर शब्द अर्धा असतानाच कर्सर उडी मारायचा. काका फोनेटिक कीबोर्ड वापरतात. रोमन अक्षरं टाइप करायची, सुचवलेल्या शब्दांतून निवडायचं आणि एन्टरने पक्कं करायचं. तो एन्टर शब्दासाठी आहे, रकान्यासाठी नाही. इव्हेंटमध्ये ‘इज-कम्पोझिंग’ (शब्द अजून जुळतोय) खरं असेल तर आपण हात लावायचा नाही. एका ओळीचा बदल आहे, पण तो नसेल तर फोनेटिकवर टाइप करणाऱ्याला ॲप वापरणं अशक्य होतं.

स्कॅनरचं प्रकरण याच्याशीच जोडलेलं आहे. यूएसबी स्कॅनर संगणकाला कीबोर्डच वाटतो. तो अंक टाइप करतो आणि शेवटी एन्टर देतो. त्यातून दोन अडचणी उभ्या राहिल्या. मराठी कीबोर्ड चालू असेल तर दाखल क्रमांक देवनागरी अंकांत येऊ लागले आणि शोधात सापडेनात. शिवाय कर्सर ‘शेरा’ या रकान्यात असेल तर क्रमांक तिथेच जाऊन बसायचा.

आधी देवनागरी अंकांचं रोमन करणं हा सोपा उपाय केला. अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये ० ते ९ सलग आहेत, वजाबाकीने काम होतं. हाताने टाइप केलेल्या अंकांसाठी ते ठेवलंच आहे. पण स्कॅनरसाठी वेगळी वाट काढली: संपूर्ण डॉक्युमेंटवर कळा ऐकायच्या, दोन कळांमधलं अंतर फार कमी असेल तर ते माणसाचं टाइपिंग नाही असं मानायचं, अंक ‘कोड’वरून जमवायचे आणि एन्टर आला की थेट शोधाला द्यायचे. मग फोकस कुठेही असो, भाषा कोणतीही असो.

यातही एक खाच होती. अंतर मोजायला मी घड्याळाची वेळ घेत होते. ४ जीबीचं मशीन मध्येच अडखळलं की कळा उशिरा हाती यायच्या, हिशेब चुकायचा आणि अर्धा क्रमांक शेऱ्यात जायचा. इव्हेंटचा स्वतःचा ‘टाइमस्टॅम्प’ वापरल्यावर ते थांबलं, कारण तो कळ दाबल्याची वेळ सांगतो, माझा कोड चालल्याची नाही. हे सापडेपर्यंत स्कॅनरच खराब आहे असं सगळे म्हणत होते आणि नवा घ्यायची बोलणी सुरू झाली होती. ते पैसे वाचले.

२ जुलै: टायटल बार

विंडोजच्या टायटल बारखाली माझी शोधपट्टी, त्याखाली टूलबार. लहान पडद्यावर पुस्तकांच्या यादीला जागाच उरत नाही. टायटल बारची जागा ॲपला वापरता येण्याची सोय आहे, तिचं नाव ‘विंडो कंट्रोल्स ओव्हरले’. क्रोममध्ये १०५ पासून, एजमध्येही आहे. मॅनिफेस्टच्या ‘डिस्प्ले-ओव्हरराइड’ यादीत ते पहिलं लिहायचं, आणि ‘डिस्प्ले’मध्ये ‘स्टँडअलोन’ तसंच ठेवायचं, म्हणजे जिथे सोय नाही तिथे ॲप नेहमीसारखं उघडतं.

लक्षात ठेवायची गोष्ट: नुसतं लिहिल्याने टायटल बार जात नाही. वापरणाऱ्याने टायटल बारमधला छोटा बाण दाबून तो लपवायचा असतो. निवड लक्षात राहते, पण पहिल्यांदा ती माणसानेच करायची. म्हणजे मांडणी दोन्ही स्थितींत नीट दिसली पाहिजे. फक्त बार लपवलेलाच असेल असं धरून चाललात तर बाण न दाबणाऱ्याला तुटकं ॲप दिसेल.

शोधपट्टी वर नेली. जागा ठरवायला सीएसएसमध्ये (पानाची शैली लिहायच्या भाषेत) ‘टायटलबार-एरिया’ची चार मूल्यं मिळतात: एक्स, वाय, रुंदी, उंची. पट्टीला ‘ॲप-रीजन: ड्रॅग’ दिलं, म्हणजे ती धरून विंडो हलवता येते. आणि शोधाच्या चौकटीत क्लिकच होईना. ओढायच्या भागात पानाला माउस मिळत नाही, तो विंडोजकडे जातो. चौकट आणि बटणं यांना ‘नो-ड्रॅग’ दिल्यावर क्लिक होऊ लागलं. मग नवी तक्रार आली. चौकट, तीन बटणं, वाचनालयाचं नाव एवढं सगळं एका ओळीत, त्यामुळे विंडो धरायला जागाच उरली नव्हती. दोन बटणं खाली पाठवली आणि उजवीकडे १२० पिक्सेल मुद्दाम रिकामे ठेवले. ही रिकामी जागा वाया गेलेली नाही, तीच विंडो हलवायची मूठ आहे.

ओढायच्या भागावर दोनदा क्लिक केलं की विंडो मोठी होते, उजवं क्लिक केलं की विंडोजचा मेन्यू येतो. हे आपोआप मिळतं, वेगळं लिहावं लागत नाही.

४ जुलै

परवाच्या कामात तीन गोष्टी मोडल्या होत्या.

टायटल बार लपवला की माझी अर्धी शैली गायब. टूलबारची उंची, बटणांची मांडणी, सगळं परत वेबपानासारखं. कारण: ती शैली मी ‘डिस्प्ले-मोड: स्टँडअलोन’ या अटीत लिहिली होती. ओव्हरले चालू झाला की मोड ‘विंडो-कंट्रोल्स-ओव्हरले’ होतो, तेव्हा स्टँडअलोनची अट लागूच होत नाही. अटीत दोन्ही मोड लिहिले.

दुसरं, देवनागरी कापली गेली. टायटल बारची पट्टी अरुंद असते. इंग्रजी मजकूर मधोमध दिसावा म्हणून ओळीची उंची १ ठेवली होती आणि बाहेर जाईल ते लपवलं होतं. ‘पूर्वार्ध’ या शब्दातला रफार वरून आणि ऊकार खालून छाटला गेला. ‘वाङ्मय’, ‘दृष्टी’, ‘ऱ्हास’ यांच्यावरही तपासलं. आता पट्टीत ओळीची उंची सक्तीने लहान करत नाही. अक्षरांचा आकार एक पायरी कमी केला आणि लपवणं काढलं. मांडणी तपासायला ‘पुस्तक’ हा शब्द पुरत नाही, रफार आणि ऊकार एकत्र असलेला शब्द घ्यावा.

याला जोडूनच फॉण्ट. मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्ता’ लावून पाहिला. वाचायला सुंदर, पण शेजारच्या विंडोजच्या खिडक्यांपेक्षा वेगळा उठून दिसतो. मग ‘सिस्टिम-यूआय’वर आले. विंडोजवर इंग्रजी सेगो यूआयमध्ये येतं आणि देवनागरी निर्मला यूआयमध्ये. दोन्ही फॉण्टची उंचीची मापं वेगळी, त्यामुळे यादीतली मराठी नावाची ओळ उंच आणि नुसत्या इंग्रजी नावाची ओळ बुटकी. ओळीची उंची १.६ अशी ठाम दिली आणि यादी सरळ झाली. आकड्यांचंही इथेच सांगते. मराठीचा ‘इंटल’ (ब्राउझरमधला, आकडे भाषेनुसार लिहिणारा) फॉरमॅट लावला की अंक देवनागरी होतात आणि स्वल्पविराम पडतात. दंडाच्या रकमेला ते शोभतं, दाखल क्रमांकाला नाही. दाखल क्रमांक ही ओळख आहे, संख्या नाही. तिथून फॉरमॅट काढला.

तिसरं, कार्यवाहांच्या मॅकबुकवर लाल-पिवळी-हिरवी बटणं वाचनालयाच्या नावावर चढली. विंडोजवर बटणं उजवीकडे असतात म्हणून मी उजवीकडे आकडा टाकून जागा सोडली होती. ‘टायटलबार-एरिया-एक्स’ आणि रुंदी ही मूल्यं वापरली की डावं-उजवं आपण ठरवायचं कारणच राहत नाही. सफारीत मॅकओएस सोनोमापासून कोणतीही साइट डॉकमध्ये टाकता येते, पण तिथे ओव्हरले नाही. कार्यवाहांना फक्त अहवाल बघायचे असतात, त्यांना साधी विंडो पुरते.

९ जुलै: दोन विंडो

हे दिसण्याचं प्रकरण नव्हतं, नोंदी चुकत होत्या. काका टास्कबारवरचं चिन्ह सोडून डेस्कटॉपवरचं दाबायचे आणि दुसरी विंडो उघडायची. एका विंडोत पुस्तक दिलेलं, दुसऱ्या विंडोत ते अजून कपाटात. त्याच पुस्तकावर दोन सभासदांची नावं चढली.

मॅनिफेस्टमध्ये ‘लाँच-हँडलर’, त्यात ‘फोकस-एक्झिस्टिंग’. क्रोम ११० पासून आहे. आता कुठलंही चिन्ह दाबलं तरी असलेलीच विंडो पुढे येते. मॅनिफेस्टमधला बदल इन्स्टॉल झालेल्या ॲपपर्यंत लगेच पोचत नाही, ॲप बंद करून उघडल्यावर काही वेळाने लागू झाला. पण यावरच विसंबून राहिले नाही, कारण तोच पत्ता साध्या टॅबमध्येही उघडता येतो. ‘ब्रॉडकास्ट-चॅनल’वरून प्रत्येक देवघेव बाकीच्या विंडोंना कळवते आणि त्या यादी ताजी करतात. जतन करताना पुस्तकाची स्थिती त्याच व्यवहारात पुन्हा तपासते. चुकलेल्या नोंदी मॅडमनी रजिस्टरवरून दुरुस्त केल्या. काउंटरवर कागदी रजिस्टर अजून चालू आहे हे फार बरं झालं.

१४ जुलै

छोटी कामं. उजव्या क्लिकवर ब्राउझरचा मेन्यू यायचा: मागे जा, पुन्हा लोड करा, छापा. यादीवर स्वतःचा मेन्यू दिला: परत घेणे, मुदत वाढवणे, सभासद उघडणे. टाइप करायच्या रकान्यांत मात्र ब्राउझरचाच ठेवला, पेस्ट आणि शब्दतपासणी तिथेच मिळते.

अलर्ट आणि कन्फर्म हे ब्राउझरचे तयार संदेश काढले. त्यांच्यामुळे सगळं पान थांबतं आणि ते ब्राउझरचे वाटतात. ‘डायलॉग’ घटक वापरला. एस्केपने तो आपोआप बंद होतो, फोकसही त्याच्या आतच राहतो.

एफ-५. विंडोजच्या बहुतेक प्रोग्रॅममध्ये ‘रीलोड’ नावाची गोष्ट नसते, इथे ते दाबलं की अर्धा भरलेला फॉर्म जातो. ती कळ अडवायचा मोह झाला, पण ॲप अडकलं तर काकांकडे दुसरा उपाय काय? अडवली नाही. त्याऐवजी फॉर्म टाइप होतानाच मसुदा साठवते आणि उघडल्यावर तो परत भरते. वीज गेली तरी हाच मसुदा कामी येतो, आणि पावसाळ्यात वीज जातेच.

२२ जुलै: बॅकअप

माहिती ब्राउझरच्या इंडेक्स्ड-डीबी या साठ्यात आहे. ‘स्टोरेज पर्सिस्ट’ (साठा आपोआप न पुसण्याची सोय) मागितलं, इन्स्टॉल झालेलं असल्याने क्रोमने न विचारता दिलं. तरी ती क्रोमच्या एका प्रोफाइलमध्येच असते, म्हणून रोज संध्याकाळी पेनड्राइव्हवर बॅकअप.

‘सेव्ह ॲज’ची मूळ विंडो येते, नाव देता येतं, काम अगदी विंडोजच्या प्रोग्रॅमसारखं दिसतं. आणि आठवड्याने तपासलं तर काही बॅकअप शून्य बाइटचे. शेजारी ‘सीआरस्वॅप’ असा शेपटा असलेल्या फाइल्स. फाइल निवडल्याबरोबर रिकामी फाइल तयार होते, लिहिलेलं सगळं आधी त्या तात्पुरत्या फाइलमध्ये जातं आणि ‘क्लोज’ पूर्ण झाल्यावरच खऱ्या फाइलमध्ये येतं. माझा कोड क्लोजची वाट न बघता ‘बॅकअप झाला’ म्हणत होता, आणि काका तो संदेश बघून पेनड्राइव्ह काढत होते. आता क्लोज पूर्ण झाल्यावर तीच फाइल परत वाचते, नोंदींची संख्या जुळवते आणि मगच संदेश देते: ‘बॅकअप झाला, पेनड्राइव्ह काढा.’

५ ऑगस्ट: नवी आवृत्ती

दंडाच्या हिशेबात दुरुस्ती पाठवली, वाचनालयात कित्येक दिवस जुनाच हिशेब. सर्व्हिस वर्करची (मागे राहून ॲपच्या फाइल्स पुरवणाऱ्या कोडची) नवी आवृत्ती उतरते, पण जुनी विंडो उघडी असेपर्यंत थांबून राहते. इथे तर ती उतरतही नव्हती. काका संध्याकाळी संगणक बंद न करता झोपवतात आणि सकाळी तीच विंडो पुढे येते. पान नव्याने उघडलं जात नाही, त्यामुळे तपासणीची वेळच येत नाही. विंडो पुन्हा समोर आली की ‘अपडेट’ तपासायला लावलं. नवी आवृत्ती थांबलेली असेल तर खाली पट्टी: ‘सुधारित आवृत्ती तयार आहे’, सोबत एक बटण. आपणहून रीलोड करत नाही. समोर सभासद उभा असताना पडदा बदलला तर माणूस गोंधळतो.

१९ ऑगस्ट

काही गोष्टी मुद्दाम तशाच ठेवल्या. कंट्रोल आणि माउसच्या चाकाने होणारा झूम बंद करा, खऱ्या प्रोग्रॅममध्ये तो नसतो, असं एका परिचिताने सुचवलं. काका १२५ टक्क्यांवर काम करतात. त्यांना अक्षर वाचता येतं हे महत्त्वाचं. तो बंद करणार नाही. उलट १५० टक्क्यांपर्यंत टायटल बारची पट्टी फुटत नाही ना ते तपासलं.

ॲप उघडताना क्षणभर पत्ता टायटल बारमध्ये दिसतो. तो लपवता येत नाही आणि लपवता येऊही नये. फसव्या ॲपपासून तेच संरक्षण आहे.

विंडो मागे गेली की विंडोजचे टायटल बार फिके होतात, माझी पट्टी गडदच राहायची. फोकस गेल्याचा इव्हेंट ऐकून रंग फिका केला. अगदी बारीक गोष्ट, पण कोणत्या विंडोत टाइप होतंय हे आता नजरेला कळतं.

८ ऑक्टोबर

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबरला संपतोय, वाचनालयाने विंडोज ११ चं नवं मशीन घेतलं. त्यावर पत्ता उघडून इन्स्टॉल केलं, टायटल बारचा बाण दाबला, टास्कबारला पिन केलं, लॉग-इन होताच सुरू होण्याची सोय चालू केली. माहिती मात्र आपोआप येत नाही, ती जुन्या क्रोमच्या प्रोफाइलमध्येच राहते. पेनड्राइव्हवरचा बॅकअप भरला, नोंदींची संख्या जुळली.

जुन्या मशीनवरून ॲप काढताना क्रोम माहितीही पुसायची का असं चौकटीत विचारतो. ती खूण करू नये असं मॅडमना सांगितलं आहे. वर्षअखेरची मोजणी होईपर्यंत जुनं मशीन कपाटात तसंच राहील.

नव्या मशीनवर इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही कीबोर्ड घातले. मराठी चालू ठेवून कंट्रोल-एन दाबलं, नवी देवघेव उघडली. स्कॅनर ‘शेरा’ रकान्यात कर्सर असतानाच फिरवला, पुस्तक सापडलं. आता पावती छापण्याचं काम बाकी आहे: ५८ मिलिमीटरच्या कागदावर ब्राउझर स्वतःचा मथळा आणि पत्ता छापतो, ते पानाच्या समासात बसवून पाहायचंय.